दोनशे बारा नंबरचं माप

बत्तीशीकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक आणि देवाला ठाऊक. गल्लीला त्याची कधी गरज पडली नाही. तीस वर्षं जो माणूस कवळ्या घडवतोय, त्याला दुसरं नाव चिकटणार तरी कुठलं? त्यांच्या स्वतःच्या तोंडात मात्र अजून सगळे दात शाबूत आहेत, आणि ते दाखवायची एकही संधी काका सोडत नाहीत. विनोद दुसऱ्याने केलेला असो वा स्वतः, हसणार ते पार दाढांपर्यंत.

त्यांची कामाची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर, राहत्या घराला लागूनच. एक खिडकी, एक लांब टेबल, त्यावर रबरी वाडगा, प्लास्टर कालवायचा चपटा चमचा, मेणाच्या पट्ट्या, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे. नवखा माणूस आत आला की आधी दचकतो आणि मग जिभेने स्वतःचे दात चाचपून बघतो. वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, त्याचं दार समोरच्या रस्त्याला. बाई रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात, ओल्या कापसात गुंडाळतात, मागच्या खिडकीतून दोरी बांधलेल्या बादलीत घालून खाली सोडतात आणि दोरी दोनदा हिसकतात. बादलीला बांधलेली घंटी वाजते. बादलीत मापासोबत एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर फक्त नंबर, दर वर्षी एकपासून. कोणाचे दात गेले हे जगाला कशाला सांगायचं, असा बाईंचा खाक्या.

माप म्हणजे गुलाबी लगद्यात उमटलेला तोंडाचा ठसा. त्यात प्लास्टर ओतायचं, आणि तेही लगेच, नाहीतर लगदा आक्रसतो आणि माप फुकट जातं. ओतल्यावर मात्र पाऊण तास हात लावायचा नाही. प्लास्टर आधी गरम होतं, मग हळूहळू गार पडतं. पूर्ण गार झालं की लगदा सोलून काढायचा, की आतून त्या माणसाचा जबडा जसाच्या तसा हातात येतो. घाई केली तर मोडतो. शिकाऊ असताना सगळेच एकदा मोडतात, आणि त्यानंतर जन्मभर धीर धरतात.

हा पाऊण तास काका देवापाशी बसतात. गेली अकरा वर्षं, एकही दिवस न चुकता. सुट्टीच्या दिवशी माप नसलं तरी ते आपलं थोडंसं प्लास्टर कालवतात, वाडग्यात ओततात आणि बायबलचा अध्याय उघडतात. बायको म्हणते, "अहो, देवाला घड्याळ चालतं. प्लास्टरच लागतं असं नाही." पण काकांना घड्याळावर भरवसा नाही. घड्याळाकडे बघता येतं, प्लास्टरकडे बघून काही उपयोग नसतो.

आता, एवढा भाविक माणूस म्हटल्यावर कोणालाही वाटेल की आईच्या मांडीवर बसून प्रार्थना शिकला असेल. तसं काही नाही. काकांची भक्ती सुरू झाली ती रागातून, आणि रागही साधासुधा नव्हे.

आईचं दफन झालं त्या आठवड्यातली गोष्ट. दोघं भाऊ आईच्या खोलीत तिच्या वस्तू लावत बसले होते. दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, तेव्हा शाळेचे मुख्याध्यापक होते. वर्गात बोलायचे तेच घरात बोलायचे, आणि शेवटचा शब्द कायम त्यांचा. आईच्या उशाशी तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, होतं. कडा झिजलेल्या, पानं मऊ पडलेली, समासात बारीक पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. ती रोज वाचायची. काकांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "हे मला हवंय."

चार नातेवाईक बसलेले. दादांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला? जन्मात कधी उघडलंस तरी का ते?"

नातेवाईकांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. काकांनी पुस्तक ठेवलं, चपला घातल्या आणि निघाले. सगळ्यात वाईट हे, की दादा खोटं बोलले नव्हते. खोटं असतं तर काका भांडले असते, दोन दिवसांत मिटलंही असतं. खरं बोललेलं मिटवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी काकांनी नवं कोरं शास्त्र विकत आणलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. दात-ओठ खात. बघच आता, असं मनात म्हणत. वंशावळीच्या वंशावळी त्यांनी औषधासारख्या गिळल्या. कॅलेंडरवर रोज एक फुली. वर्षभरात सगळं वाचून संपलं तेव्हा काकांना प्रश्न पडला, की आता हे दादाला कळणार कसं? दोघांत बोलणंच नव्हतं. दादा रविवारी चर्चमध्ये सकाळच्या उपासनेला जायचे, म्हणून काका संध्याकाळच्या. पाळकसाहेबांना वाटायचं, केवढं हे घराणं, दोन्ही उपासनांना माणूस हजर!

मग कोणाला दाखवायचं तेच उरलं नाही, आणि काका परत पहिल्या पानावर आले. पण या वेळी सावकाश. घाई कसली? प्लास्टर गार व्हायचंच होतं. आणि कधीतरी, नेमकं कधी ते त्यांनाही सांगता येणार नाही, ते वाचायला बसण्याची वाट बघू लागले. सकाळी घंटी वाजली की आधी हात प्लास्टरकडे जायचा आणि मन वाचायच्या खुर्चीकडे.

त्यातूनच ती नंबरांची प्रार्थना निघाली. ज्याचं माप समोर आहे त्याच्यासाठी देवाशी दोन शब्द बोलायचे. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, पण तोंड माहीत आहे, आणि तोंड फार बोलतं. "प्रभू, हा एकशे चाळीस झोपेत दात खातो बघ. सगळ्या दाढा घासून सपाट झाल्यात. कसली काळजी आहे याला? थोडी तू घे." "ही एकशे त्रेपन्न एकाच बाजूने चावते. दुसऱ्या बाजूचं दुखणं अंगावर काढत बसली असणार. हिला कोणीतरी ओरडणारं मिळू दे." पाळकसाहेबांनी ही प्रार्थना एकदा दाराआडून ऐकली आणि म्हणाले, चर्चमध्ये आपण इतकं जवळ जाऊन बघतच नाही कोणाला.

बायको एकदा म्हणाली, "आणि माझा नंबर कितवा?"

"तू बिननंबरी."

"म्हणजे राहूनच जात असेन."

"तुझ्यापासूनच सुरुवात करतो," काका म्हणाले. ते खरंही होतं.

तर असं अकरा वर्षं चाललं. आणि एका सकाळी घंटी वाजली, बादली खाली आली, काकांनी कापूस बाजूला केला. चिठ्ठीवर दोनशे बारा.

वरचा जबडा. मागचे पाच दात गेलेले, पुढचे जाग्यावर. पुढच्या दोन दातांपैकी उजवा तिरका तुटलेला, कोपरा उडाल्यासारखा. लगद्यात तिथे तिरकी खाच उमटली होती. काकांनी माप खिडकीकडे नेलं, उजेडात धरलं आणि तसेच उभे राहिले.

तो कोपरा त्यांनीच उडवला होता. काका तेव्हा आठ वर्षांचे होते आणि दादा बारा. खिडकीजवळ कोणी झोपायचं यावरून भांडण झालं, काकांनी दार आपटलं आणि दाराच्या पलीकडे दादांचं तोंड होतं. पुढे कितीजणांनी सांगितलं, पण दादांनी तो दात कधी दुरुस्त केला नाही. मुख्याध्यापक झाले तरी नाही. शाळेतल्या पोरांत त्या दाताबद्दल नाना दंतकथा होत्या.

काम ते काम. काकांनी प्लास्टर कालवलं, ठोकून ठोकून बुडबुडे काढले, ओतलं आणि बाजूला ठेवलं. शेजारी सकाळची आणखी तीन मापं ओतून ठेवली होती. मग ते खुर्चीत बसले. अध्याय उघडला. डोळे ओळींवरून फिरत होते, आत एक अक्षर शिरत नव्हतं. शेवटी पुस्तक मिटलं आणि हात जोडले.

"प्रभू, माझी बायको. तिचे गुडघे." इथपर्यंत नेहमीसारखं. "दोनशे नऊ. दोनशे दहा, दोनशे अकरा."

आणि थांबले.

पुढचा आकडा तोंडातून निघेना. काकांनी घसा खाकरला. पुन्हा दोनशे नऊपासून आले आणि पुन्हा तिथेच अडकले. मोटार चिखलात रुतावी तसं. मग त्यांनी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला: सगळ्यांसाठी मिळून एकदम मागितलं तर त्यात तेही आलेच की. पण कोणाला फसवतोय आपण? ज्याने हे तोंड बनवलं त्याला? आणि मग ती जुनी जळजळ वर आली. तुला? जन्मात कधी उघडलंस तरी का? चार माणसांत! काका ताडकन उठले. प्लास्टर कोमट होतं. त्यांना ते कळलं, तीस वर्षांच्या बोटांना न कळून कसं चालेल? तरी त्यांनी लगदा धरला आणि ओढला.

कट्.

पुढचा दात, तोच, मुळापासून मोडून लगद्यातच राहिला. लगदाही फाटला.

आवाज ऐकून बायको आतून आली. टेबलावरचा तुटका साचा तिने पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं. "तुमच्या हातून? मोडला?"

"दादाचा आहे," काका म्हणाले.

ती स्टुलावर बसली. साच्याची मोडलेली कड बोटाने चाचपली. मग म्हणाली, "प्रार्थना केली का त्यांच्यासाठी?"

"नाही जमत."

"अकरा वर्षं रोज बसताय तुम्ही इथे. अनोळखी माणसाच्या दाढेसाठी तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि सख्ख्या भावाला वगळताय?" ती उठली. "तर मग देवाला स्पष्ट सांगून टाका ना. म्हणावं, दोनशे बारा सोडून बाकी सगळ्यांचं भलं कर. बघू, ऐकतो का."

ती आत गेली. काका बसून राहिले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि ते दातासाठी नव्हतं. अकरा वर्षांच्या फुल्या एका बाजूला आणि हा एक आकडा दुसऱ्या बाजूला. ज्या रागाने सुरुवात केली तो तसाच तळाशी बसला होता, आणि त्याच्यावर त्यांनी रोज थोडी थोडी भक्ती ओतली होती. हे सगळं खरं होतं की नुसतं दादाला दाखवण्यासाठी? काकांना उत्तर माहीत नव्हतं, आणि त्यांना ते हवं होतं.

"प्रभू," ते शेवटी म्हणाले, "मला जमत नाही. तू करून घे माझ्याकडून." अकरा वर्षांतली ही सगळ्यात छोटी प्रार्थना. त्यात ऐट नव्हती.

मग त्यांनी वर फोन लावला.

"साचा मोडला?" डॉक्टरीणबाई ओरडल्याच. "काका, तुम्ही? बरं, माप परत घ्यावं लागेल. ते अजून खालच्या बाकावर औषधाची चिठ्ठी वाचत बसलेत, बोलावते वर. पण कारण तुम्ही येऊन सांगायचं. तुमच्या चुकीसाठी मी थापा मारणार नाही."

काकांनी हात धुतले. नखांत प्लास्टर राहिलं म्हणून पुन्हा धुतले. शर्टाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात. इमारतीला वळसा घालून समोरच्या जिन्याने वर गेले. वाटेत त्यांनी वाक्य पाठ केलं: साचा माझ्या चुकीमुळे मोडला, क्षमस्व. सरकारी पत्रासारखं वाक्य. तेवढं म्हणायचं आणि खाली यायचं.

पण बाई चटपटीत. काका दारात पोचले तोवर दादा खुर्चीत आडवे झालेले, गळ्याला कागदी रुमाल, तोंड उघडं आणि तोंडात लगद्याने भरलेला स्टीलचा ट्रे. दादांचे केस पार पांढरे झाले होते. एवढे कधी झाले?

"बरं झालं आलात, काका. हे धरा," बाई म्हणाल्या. "अंगठा इथे, वर दाबून. तीन मिनिटं. आणि तुम्ही" हे दादांना, "बोलायचं नाही, हलायचं नाही." बाहेर फोन वाजत होता. बाई गेल्या.

अशी परिस्थिती कोणावर येऊ नये. ज्या भावाशी अकरा वर्षं शब्द नाही त्याच्या तोंडात काकांचा अंगठा. चावायची पूर्ण संधी दादांना. आणि ज्यांनी जन्मभर कोणाला शेवटचा शब्द घेऊ दिला नाही, त्यांना तीन मिनिटं एकही शब्द काढायची सोय नाही. दादा वर बघत होते. डोळे तेवढे बोलत होते आणि काय बोलत होते ते काकांना वाचता येईना.

"साचा माझ्या चुकीमुळे मोडला," काका म्हणाले. क्षमस्व म्हणायचं विसरले. अडीच मिनिटं उरली.

मग त्यांनी दुसरं काही न सुचून रोजचंच केलं. समोर तोंड होतं, लगदा घट्ट व्हायचा होता, आणि अशा वेळी काका एकच गोष्ट करत आले होते. त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, हा दोनशे बारा. हा माझा दादा आहे. मागचे पाच दात गेलेत याचे, नीट चावता येत नसेल, आणि कोणाला सांगणारही नाही, असा आहे. हा पुढचा दात मी मोडला होता. आज परत मोडला. दोन्ही वेळा रागात. हा बोलला ते खरं बोलला, ते मला सोसलं नाही. तुझं पुस्तक मी याच्या नाकावर टिच्चून वाचायला घेतलं, ते तुला माहीतच आहे. पण तू मला तेवढ्यावर सोडलं नाहीस. आता याच्यावरचा राग मी सोडतो. पूर्ण सुटला नसेल तर उरलेला तू काढ. आणि याला चांगलं चावता येऊ दे. आमेन."

डोळे उघडले तेव्हा दादांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. लगद्याने घसा कोंडला की अनेकांचं येतं. पण दादांनी खुर्चीच्या हातावरून हात उचलला आणि काकांचं मनगट धरलं, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं. आणि त्यांची हनुवटी थरथरू लागली.

"अहो हलू नका!" बाई आत येता येता ओरडल्या. ट्रे काढून उजेडात धरला. "गेलं! सगळं हललंय. आता तिसऱ्यांदा घ्यायचं का?"

दादांनी रुमालाने तोंड पुसलं. "घ्या," म्हणाले. मग काकांकडे वळले. "गावात दातांचे सहा डॉक्टर आहेत, छोट्या. मी दोन बसेस बदलून या जिन्यावर कशाला चढलो?"

काकांनी अंगठ्यावरचा लगदा शर्टाला पुसला. 

"एवढी प्रार्थना करायला कधी शिकलास?"

"तुझ्यामुळे," काका म्हणाले.

दादांनी हातातल्या रुमालाच्या घड्या घातल्या. "आणि मी," ते म्हणाले, "आईचं पुस्तक घरी नेलं. उघडायला गेलो की तुला बोललेलं आठवायचं. कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. अकरा वर्षं तसंच आहे."

तिसरं माप उत्तम आलं. काकांनी ते पूर्ण पाऊण तास गार होऊ दिलं, वर दहा मिनिटं देवाला जास्तीची दिली. आधी मेणात बसवलेले दात, मग पक्के दात, घासून, चकाकवून तीन आठवड्यांत तयार झाले. दादांनी विचारलं, पुढचा दात पण नीट करतोस का? काका म्हणाले, तो राहू दे.

नवे दात बसले की माणसाला मोठ्याने वाचायला लावायचं ही काकांची पद्धत. काही अक्षरांना शिट्टी वाजते, कुठे जीभ अडखळते, ते तेव्हाच कळतं. त्यासाठी खोलीत एक जुनं वर्तमानपत्र ठेवलेलं असतं. पण दादांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली, आईचं पुस्तक टेबलावर प्लास्टरच्या पिशवीशेजारी ठेवलं आणि हाताला येईल ते पान उघडलं. बायको दारात येऊन उभी राहिली. टेबलावर नुकतंच ओतलेलं एक माप होतं.

दादांनी अर्धा अध्याय वाचला. मुख्याध्यापकांचा आवाज, पण सुरुवातीला जरा बिचकत. मग ते थांबले आणि पान डोळ्यांजवळ नेलं.

"समासात आईने लिहिलंय," ते म्हणाले. "तारीख आहे. आणि पुढे... 'आज खिडकीवरून भांडण. थोरल्याचा दात मोडला. रडला मात्र धाकटा, जेवलासुद्धा नाही. देवा, माझ्यामागे यांना एकमेकांपाशी ठेव.'"

काकांना त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं की खिडकी आपल्याला मिळाली. रडल्याचं मुळीच आठवत नव्हतं. आणि आता, पन्नास वर्षांनी, ते पुन्हा रडत होते, सगळे दात शाबूत असलेलं तोंड दोन्ही हातांनी झाकून. दादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि उरलेला अध्याय तसाच, एका हाताने पुस्तक धरून, शेवटपर्यंत वाचला.

"शिट्टी वाजते का रे?" पुस्तक मिटून त्यांनी विचारलं.

"स ला वाजते थोडी," काका नाक पुसत म्हणाले. "घासावं लागेल. उद्या परत ये. पुस्तक घेऊन."

शिट्टी अजिबात वाजत नव्हती. दारातल्या बायकोला ते कळलं, आणि तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेल्या दादांना तर कळलंच असणार.

"किती वाजता येऊ?" दादा म्हणाले.

"सकाळी. प्लास्टर ओतलं की."